माझ्या डोळ्यातल्या शिरा

प्रिय उकंडा,

नऊ वर्षांनी ताईचं पत्र पाहून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी माझी जीभ वळायची नाही. बाबा गेल्यापासून तू बहिणीच्या दारी आला नाहीस, त्याला कारण मीच. पण आधी माझी फजिती ऐक.

मला बीपी आहे, हे तुझ्या भाचीनं, प्रियंकानं कळवलंच असेल. महिन्यातून एकदा बोरी अरबहून यवतमाळला जाते. तिथे बुधवारी फक्त बीपीच्या पेशंटांचा दवाखाना भरतो. गोळी रोजची, पण मी डोकं जड झालं तरच घ्यायचे. बुधवारी मात्र एसटीत बसण्याआधी दोन गिळायचे! आकडा चांगला यावा, मोनाली सिस्टरनं सगळ्यांदेखत शाबासकी द्यावी म्हणून. सहा महिने शाबासकी लुटली. मग डॉक्टरीणबाईंनी दंडाला एक पट्टा बांधून घरी पाठवलं. तो आपोआप फुगायचा, दंड आवळायचा आणि आकडा टिपून ठेवायचा. तूर पाखडताना, जावेशी हुज्जत घालताना, झोपेतसुद्धा. दुसऱ्या दिवशी पट्टा परत द्यायला गेले, तर मोनाली कागदावरचे चढलेले आकडे बघून म्हणाली, "मावशी, आमाले फसवून राह्यल्या का सोताले?"

मग डोळ्यांत थेंब घालून यंत्रापुढे बसवलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं. उकंडा, काय सांगू तुला! केशरी गोल, आणि त्यात कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांसारख्या पसरलेल्या लाल शिरा. माझ्या स्वतःच्या. अंगातल्या रक्तवाहिन्या न चिरता अशा उघड्या दिसतात त्या इथेच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बावन्न वर्षं ज्या डोळ्यांनी जग बघितलं, त्यांच्या पाठीमागे हे सगळं चाललं होतं आणि मला पत्ताच नाही. मी चक्क हात जोडले. देवळातही मी इतकी गप्प कधी झाले नव्हते. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं, इथे शिरा बारीक झाल्यात, इथे रक्ताचा ठिपका आहे. हे एका दिवसाचं नाही, वर्षानुवर्षांच्या दाबाचं आहे. घरात आणखी कुणाला होतं का, त्यांनी विचारलं.

मी बाबांचं सांगितलं. रोज सकाळी डोक्याला दुपट्टा करकचून बांधायचे, दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर यायचे. तू नागपूरला नोकरी धरणार म्हणून तुमचं वाजलं आणि ते अंगणात कोसळले, तोंड वाकडं झालं, हेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, बाबांना कधी तपासलंच नाही, तेव्हा खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण एका भांडणानं असं होत नसतं, मेंदूतली नस आधी कितीतरी वर्षं दाब सोसत असते. आणि भावाला तपासलंय का? वय काय त्याचं?

सेहेचाळीस, म्हणाले मी, आणि तिथेच रडू फुटलं. बाबांच्या तेरवीला भरल्या घरात मी तुझ्यावर ओरडले होते, "तूच मारलं बाबाले." ते खोटं होतं, उकंडा. नऊ वर्षं तू ते ओझं वाहिलंस, मला माफ कर. माझ्यासाठी येऊ नकोस हवं तर, पण त्यांचं रक्त तुझ्याही अंगात आहे. येत्या बुधवारी यवतमाळला ये आणि दंड पुढे कर. मी नऊपासून दवाखान्याच्या दाराशी उभी असेन.

तुझीच,
शकुताई