करवंदाच्या मुळाचा बगळा

रविवार, दिवेलागण

माळ्यावरचं पोतं दिसेना, म्हणून थोरल्या मुलाला विचारलं. तलावाकाठी त्याचे भाड्याचे तंबू आहेत. काल तिथल्या पाहुण्यांना शेकोटी हवी होती आणि सरपण ओलं. करवंदाची मुळं कोरून तीस वर्षांत केलेली, त्या पोत्यातली माझी सगळी पाखरं त्यानं पेटवली.

"आबा, लाकूडच व्हतं की. सुकं व्हतं, लय झ्याक पेटलं."

बगळासुद्धा? मी विचारलं. त्याच्या एका मानेला अख्खा पावसाळा गेला होता माझा. कुणी शिकवलं नव्हतं.

"त्याचा तर व्हिडिओ काडला. मान वाकली तवा लय हसली मानसं."

मी भाकरी मोडत बसलो.

हात धुताना तो म्हणाला, "शनिवारी परत येनारेत. शेकोटीला धा-बारा पाखरं करून ठेवा. तुमचाबी येळ जाईल."