आजोबांच्या तसबिरीखालची ओळ

तीर्थस्वरूप आत्यांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (पत्रातला नमस्कार बरा, कंबर न वाकवता घालता येतो. माझी कंबर सध्या धरली आहे.)

तुमचे गुडघे कसे आहेत? मागच्या फोनवर तुम्ही भाच्याला "गुडघ्यांचं काय विचारतोस, आहेत" एवढंच सांगितलंत. त्यातून आम्ही दोघांनी दोन अर्थ काढले आणि जेवण होईपर्यंत भांडलो. तुमच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याने समोरच्या घरातलं घड्याळसुद्धा वाचता येतं हे कळलं, डॉक्टरचं कौतुक वाटलं, समोरच्यांची दया आली. इकडे सगळं क्षेम. तुमच्या भाच्याने गोड सोडलं आहे, म्हणजे घरात सोडतो आणि ऑफिसात धरतो. पोटाचा घेर मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

आता मुद्द्यावर येते, कारण पत्र लांबलं की तुम्ही शेवट आधी वाचता. (वाचू नका.) तुम्ही स्वतःच्या हातांनी तुमच्या आजोबांची तसबीर आमच्या संग्रहालयाला दिलीत, ती त्यांनी स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात लावली, आणि तेव्हापासून तुम्ही आमची पायरी चढला नाहीत. तुमचा राग रास्त आहे. मी तिथेच फलकांवरचा मजकूर लिहिण्याची नोकरी करते, आणि दिवसातून जितक्या वेळा त्या बोळातून जावं लागतं तितक्या वेळा मान खाली घालून जाते. आजोबांनी नदीवर पूल बांधला, अख्खं शहर आजही त्यावरून कामाला जातं, आणि आपण त्यांच्यासमोरून कशासाठी जातो, हा विचार काही पाठ सोडत नाही. पण आता तो बोळच पाडणार आहेत, आणि दाराच्या अगदी समोरची भिंत रिकामी झाली आहे. आत येणाऱ्याची नजर पहिली जिथे पडते, तीच. तिच्यासाठी दोघेच उमेदवार उरले आहेत: आपले आजोबा, आणि ज्यांनी चौकातला घड्याळाचा मनोरा उभारला ते गृहस्थ. त्यांच्या बाजूने उपसंचालकबाई हिरिरीने उतरल्या आहेत. जो जिंकेल तो भिंतीवर, जो हरेल तो तळघरात. माझं आजोबांवरचं चरित्र (थोरली पाळण्यात होती तेव्हा सुरू केलेलं, ती आता मला चुका काढून दाखवते) संग्रहालय छापणार तेही आजोबा भिंतीवर गेले तरच. तेव्हा माझा जीव किती टांगणीला लागला आहे ते तुम्ही ओळखालच.

निवड कशी करायची, तर तसबिरीखाली लिहायच्या एका ओळीवरून. संचालकांचं म्हणणं असं की लोक चरित्र वाचत नाहीत, एक ओळ वाचतात, आणि तीसुद्धा पुढच्या दालनाकडे चालता चालता. त्यामुळे ओळ अशी हवी की चालणारा थांबला पाहिजे. ती थांबवते की नाही हे पाहायची त्यांची एक रीत आहे. दुपारच्या चहाला सगळे जमले की ओळ मोठ्याने वाचायची. ऐकताना कुणाचा तरी कप टेबल आणि तोंड यांच्या अधेमधे थांबला, तर ओळ पास. सगळ्यांचा चहा सुरळीत घशाखाली उतरला, तर नापास. आमच्याकडचे सगळे फलक याच परीक्षेतून गेलेत. (म्हणूनच आमच्याकडे राजापेक्षा त्याच्या दाताच्या वैद्याची माहिती जास्त आहे.)

मी मोठ्या उमेदीने पहिली ओळ वाचली: पुलाचं काम चालू असताना त्यांनी एकही रजा घेतली नाही. सगळ्यांनी चहा प्यायला. हिशेबनीसांनी तर वर "अजून आहे का?" असं विचारलं, आणि ते चहाबद्दल होतं. दुसऱ्या दिवशी वाचलं की पुलाच्या कमानींचं गणित त्यांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी करून पाहिलं होतं. संचालकांनी जांभई दिली आणि ती हाताने झाकायचीही तसदी घेतली नाही. तिसऱ्या दिवशी ग्रंथपालांचा कप खरोखरच वाटेत थांबला. माझा आनंद गगनात मावेना. मग कळलं की त्यात माशी पडली होती. उपसंचालकबाईंनी ते लगेच सगळ्यांच्या निदर्शनास आणून दिलं. त्यांच्या मनोरेवाल्यांची ओळ होती की घड्याळाला चावी द्यायला त्यांनी एक माकड शिकवून ठेवलं होतं. चार कप थांबले. हे कुठे लिहिलंय असं मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "नाही असं तरी कुठे लिहिलंय?"

आत्या, मला आजोबांचा पहिल्यांदाच राग आला. इतकी वर्षं मी या माणसाच्या मागे आहे, आणि त्यांनी एखादं तरी माकड पाळायला काय हरकत होती? वेळेवर उठले, वेळेवर जेवले, पूल बांधला, वारले. त्या रागाच्या भरात माझ्या तोंडून ते निघून गेलं. म्हटलं, माकडाचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे या पुलाखाली आजोबांच्या सासूबाई बसल्या होत्या. सगळे कप थांबले. संचालकांचा तर शर्टावर सांडला, आणि ओल्या शर्टानेच त्यांनी ओळ पास केली.

तुम्ही सांगितलेलं होतं तसंच मी पुढे सांगितलं. आधीचा पूल कोसळला होता म्हणून नव्यावर कुणी पाय ठेवेना. गाडीवाले भरलेल्या गाड्या घेऊन अलीकडेच उभे राहिले. आजोबांचं अन्नपाणी सुटलं होतं. तेव्हा तुमची पणजी, म्हणजे त्यांची सासू, घरातून खुर्ची आणि विणकाम घेऊन निघाली, मधल्या कमानीखाली नदीच्या वाळूत जाऊन बसली, आणि वर बघून म्हणाली, "आता आणा गाड्या." शेवटची गाडी पार जाईपर्यंत ती विणत होती. संचालक खूश झाले. लगेच रंगाऱ्याला बोलावून त्यांनी नमुन्याचा फलक करून घेतला. त्यावर काय लिहिलंय ते वाचताना पाणी जवळ ठेवा: पूल भक्कम आहे हे दाखवायला या अभियंत्याने सासूला त्याच्याखाली बसवले.

मी म्हटलं, कुणी बसवलं नाही, त्या आपणहून गेल्या. संचालक म्हणाले, ठीक आहे, तशी ओळ वाचून पाहू. मी वाचली. आणि काय सांगू, कुणी कप उचललाच नाही. सगळे टेबलाकडे बघत बसले. हिशेबनीस बराच वेळ बशी फिरवत राहिले आणि मग उठून खिडकीपाशी गेले. चहा गार झाला. नियमाप्रमाणे कप वाटेत थांबायला आधी तो उचलावा लागतो, त्यामुळे माझी ओळ नापास झाली आणि संचालकांचीच कायम राहिली.

तर अशी सगळी परिस्थिती. जपून असा. पायऱ्यांना कठडा करून घ्या म्हणून मी मागेच म्हटलं होतं, ते अजून मनावर घेतलेलं दिसत नाही.

तुमची भाचेसून

ता. क. संचालकांना या गोष्टीला जिवंत साक्षीदार हवा आहे. पणजींच्या तोंडून ती ऐकलेल्या आता तुम्हीच एकट्या उरला आहात. गुरुवारी भिंतीचा निकाल लावायला समितीची बैठक आहे. गाडी पाठवते. मागच्या दाराने पायऱ्या नाहीत, आणि बोळ लागत नाही.

ता. क. (दुसरा) वर सगळं लिहिलं, पण एक लिहिलं नाही. नमुन्याच्या फलकासमोर लोक खरोखर थांबतात आणि हसतात. मी गप्प बसले तर भिंत आपली आणि पुस्तकही. दोन दिवस गप्प बसून पाहिलं. मग काल कामावरून सुटल्यावर पुलाखाली गेले आणि मधल्या कमानीखाली उभी राहिले. वरून मालाचा ट्रक गेला. पायांखालची वाळू हलल्यासारखी वाटली, डोक्यात माती पडली, आणि मी पदर सावरत धूम ठोकली. (कंबर तिथेच धरली.) आत्या, तिथे कुणाला कुणी बसवू शकत नाही. बसवलेलं माणूस पहिल्या गाडीलाच उठून पळेल. इतकी वर्षं तुम्ही ही गोष्ट सांगत होता आणि मी मनात म्हणत होते, आत्या थोडं रंगवून सांगतात. माझं चुकलं. गुरुवारी मी समितीपुढे खरी ओळच ठेवणार आहे. बहुतेक हरेन. म्हणून आधीच विचारते: आजोबा तळघरात गेले तर तुम्हाला चालेल का? तुमचा राग मी सोसेन. मला वाटतं, त्यांना चालेल.

ता. क. (तिसरा आणि खरा) ओळ लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. घरात सगळ्यांना विचारलं. सगळे पणजी म्हणतात, कागदोपत्री सगळीकडे "अभियंत्यांच्या सासूबाई" आहे. माझ्या पुस्तकात आजोबांच्या घोड्याचं नाव आहे, दोन्ही कुत्र्यांची आहेत. यायला जमलं नाही तरी हरकत नाही, पण गुरुवारच्या आत एवढं कळवा. त्यांचं नाव काय होतं?