माझ्या छापील निधनानंतर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसाठ, व्यवसाय मुक्त पत्रकारिता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. बुद्धी शाबूत आहे. मंगळवारी सकाळी चहा पिता पिता मी माझ्याच निधनाची बातमी वाचली. तो धक्का ओसरता ओसरत नाही.

कारण नोंदवून ठेवते. आमच्या धंद्यात मोठ्या माणसांचे मृत्युलेख ती हयात असतानाच लिहून ठेवतात. एका आजारी, वृद्ध अभिनेत्रीवरचा लेख मी मागच्या महिन्यात पाठवला होता. नाव मथळ्यात येणारच, म्हणून लेखात सगळीकडे नुसते 'बाई' लिहिले. वर माझे नाव आणि फोटो, कारण मागे लागल्याशिवाय आमच्यासारख्यांचे नाव लागत नाही. सोमवारी त्या बाई गेल्या. उपसंपादक आजवर क्रीडापान बघणारे. त्यांनी वरचे नाव गेलेल्या व्यक्तीचे समजून मथळ्यात घेतले. तीस वर्षांत माझे नाव इतक्या मोठ्या अक्षरांत कधी आले नव्हते.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, म्हणजे तुम्ही आहात! बरं झालं. उद्या दोन ओळींचा खुलासा टाकू. तुम्हीच लिहून पाठवता का?" पाठवला. त्याखाली माझे नाव नव्हते.

कलम एक. दोन खोल्यांचे हे घर माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला द्यावे. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, हे तिला सांगावे. नऊ वर्षांत ती इथे आलेली नाही.

कलम दोन. कपाटातल्या सगळ्या वह्या न उघडता जाळाव्यात. 'माझं नाव येऊ देऊ नका' या बोलीवर माणसे माझ्याशी बोलली, ती त्यांत आहेत. हे काम हे मृत्युपत्र सांभाळणाऱ्या माझ्या वकीलबाईंनी करावे. भाचीकडे देऊ नये, ती माझ्याइतकीच चौकस आहे.

कलम तीन. उंच पाठीची खुर्ची शिवणकाम करणाऱ्या शेजारीणबाईंना. संपादकांच्या 'बघतो, कळवतो' ची वाट पाहत मी तिच्यात अर्धे आयुष्य काढले, तरी ती मोडलेली नाही. मंगळवारी पहिल्या धावत आल्या त्या याच. दारात मला बघून मटकन खालीच बसल्या आणि श्वास परत आल्यावर रागावल्या, "पंधरा वर्षं शेजारी राहते, तुम्ही नाटकात होतात हे एका शब्दानं सांगितलं नाहीत!"

कलम चार. पत्रकार परिषदेत दर वेळी सर्वांसमोर 'तुम्ही नक्की कुणाकडून?' असे विचारणाऱ्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना काहीही देऊ नये. 'विषय चांगला आहे, पण आत्ता नको' म्हणून पंधरा दिवसांनी तोच विषय आपल्या पगारी माणसाकडून लिहून घेणाऱ्या संपादकांना मी माफ केलेले नाही. मेल्यावर केले असेल, अशी समजूत कोणी करून घेऊ नये.

कलम पाच, दादाबद्दल. नऊ वर्षांपूर्वी एका शाळेच्या जिन्याला तडे गेले. त्यात सळ्या कमी घातल्या होत्या. बातमी मी लिहिली. जिना दादाने बांधलेला होता. बातमी खरी होती आणि आजही मी ती लिहीन. पण छापण्याआधी ज्याच्यावर ठपका येतो त्याची बाजू विचारायची, हा आमचा पहिला नियम. मी मुख्याध्यापकांना विचारले, अभियंत्यांना विचारले. दादाला फोन करायला जीभ रेटेना, म्हणून ते काम पेपराच्या कचेरीतल्या एकावर ढकलले. त्याने केलेच नाही. दादाने ते सकाळी पेपरात वाचले आणि माझ्याशी बोलणे टाकले. तो माझा भ्याडपणा होता. इथे लिहून देते.

मंगळवारी तो आला. अर्धी दाढी केलेली, अर्ध्या गालावर साबण वाळलेला. मला उभी बघून त्याने चौकट घट्ट धरली.

"दादा, चुकून छापलंय रे. आत ये," मी म्हणाले.

तो जमिनीवर बसला आणि हुंदके देऊन रडला. त्याला असे रडताना मी जन्मात पाहिले नव्हते. मग म्हणाला, "छोटे, तुझं काहीही असलं तरी मला ते पेपरातूनच कळायचं का गं?"

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराच्या नावे काही ठेवता येत नाही. त्यावर दादा म्हणाला, "मला काही नको. सही मी करतो. या वेळी आधी वाचून."

म्हणून त्याला मालमत्तेतले काही नाही. फक्त ही सूचना, आणि ती बाकी सर्व कलमांच्या वर समजावी. मी गेल्यावर कोणत्याही वर्तमानपत्राला कळवण्याआधी कोणीतरी दादाच्या घरी जावे, त्याला तोंडी सांगावे आणि तो पाणी पिईपर्यंत त्याच्याजवळ बसावे. त्यानंतर बातमी छापोत, न छापोत.

ठिकाण: माझे स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: छापील निधनापासून तिसरा दिवस, गुरुवार.
लिहून देणार: सही.

साक्षीदार: पान लावणारे उपसंपादक. माफी मागायला आले होते. आपले नाव कोणत्या ओळीत लिहायचे, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले.

साक्षीदार: मोठा भाऊ. सहीखाली त्याच्या अक्षरात: 'पूर्ण वाचले. मी आधी गेलो तर छोटीला घरी जाऊन सांगावे.'