सोलणाऱ्याची साखर

परतूर,
दि. ३ नोव्हेंबर २००३

ती. गं. भा. द्वारकाआक्कास,
बद्रीनाथचा शि. सा. न. वि. वि.

मी, बद्रीनाथ रखमाजी तनपुरे, बी. कॉम., वय वर्षे चौपन्न, येथील एका कापूस-जिनिंग कारखान्याचा मुख्य हिशेबनीस आणि चि. बेबीनंदाचा एकुलता एक मामा, हे पत्र तिच्या केळवणाच्या जेवणासंबंधी लिहीत आहे. फोनवर ठरलेले तू नंतर आपल्या सोयीने आठवतेस, म्हणून लेखी.

केळवण येत्या तीस तारखेस, रविवारी, माझ्या घरी. श्रावणात मला मधुमेह निघाल्यापासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, भाकरी, पोळी, भात, बटाटा आणि गूळ-साखर यांना मी निरोप दिला आहे, हे तू जाणतेसच. आमच्या चि. भागवतने पुण्याहून रक्तातली साखर मोजण्याचे यंत्र पाठवले आहे. बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त पट्टीला लावायचे, की यंत्र आकडा दाखवते. जेवणानंतर दोन तासांनी तो एकशे ऐंशीच्या आत हवा, असे डॉक्टरांचे म्हणणे.

स्वतः न खाता पाहुण्यांना वाढणे मला विसंगत वाटते. सबब केळवणाचा बेत पुढीलप्रमाणे निश्चित केला आहे: वांग्याचे भरीत, मेथीची भाजी, कोबीची कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही आणि ताक. पुरणपोळी नाही. भात नाही. याबाबत हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावी.

भाऊबीजेला तू दिलेले मोसंब्यांचे पोते सुखरूप पोचले. सौ. उषाच्या अंगठ्याला भेग पडली असून तिला साल झोंबते, म्हणून रात्री जेवण झाले की मीच तिला मोसंबी सोलून देतो. एक फोडही तोंडात घालत नाही. मोह हातात असताना तोंड बंद ठेवणे यात निराळेच समाधान आहे.

साखर सोडून बाकी लोभ वाढता ठेवावा.

तुझा,
बद्रीनाथ


वाटूर,
७ नोव्हेंबर

चि. बद्रीनाथास,
द्वारकाआक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं नाव, वय अन् पदवी वाचून बेबीनंदा हसत हसत बाजेवरून खाली आली. अरे, तुझ्या बारशाला पाळण्याची दोरी मी ओढल्ती, अन् मलाच वळख देऊन राह्यला का? बी. कॉम. झाल्ता तवा पेढे वाटत साऱ्या गावात मीच फिरल्ते. त्यातले चार तू वाटेतच खाल्ते, ते पण माझ्या ध्यानात हाय. सोयीनं नसतं आठवत मी.

आता हरकत ऐक. आठ दिवस कशाला, आजच घे. केळवणाला पुरण न्हाई म्हंजे ते केळवणच न्हाई. भाकरीबिगर भरीत खायचं तरी कसं? चमच्यानं? नवरी हाय का दवाखान्यातली पेशंट? तुझी चटणी अन् दही राहू दे एका बाजूला, तू खुशाल खा. पण पोळी व्हायला पाह्यजे.

अन् एक गोष्ट तू विसरला. आपल्या घरी नवरीनं केळवणाच्या पोळीचा पहिला घास बापाला भरवायचा असतो. माझ्या टायमाला अण्णांनी खाल्ला, तवा दुसरा घास मला म्हणून तू मांडीवर बसून रडल्ता. बेबीनंदाचे वडील आज न्हाईत. मंग तो घास कोणाचा, तूच हिशेब कर. पोरगी बोलून दाखवत न्हाई, पण परवा साड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, मामाची साखर तवर उतरंल का म्हणून. मी बिलकुल उतरंल म्हणून सांगितलं. आता मला खोटी पाडू नको.

उषाला म्हणावं अंगठ्याला कोकम तेल लाव.

तुझी, मोसंब्यासकट सगळा जीव लावणारी,
आक्का

ता. क. मामा, आई सांगून राह्यली अन् मी लिहून राह्यले, म्हणून चुका आईच्या धरा. मी माझ्यापुरतं सांगते: माझ्या ताटातला घास तुम्ही खाल्ला न्हाई तर मी पाटावरून उठून जाईन अन् कोबीची कोशिंबीर तुमच्यासाठी तशीच राहील. — बेबीनंदा


परतूर,
दि. १२ नोव्हेंबर २००३

ती. आक्कास,
बद्रीनाथचा वाकून नमस्कार.

घासाची आठवण दिलीस, बरे केलेस. पत्र वाचून मी बराच वेळ कारखान्याच्या गेटाजवळ उभा राहिलो आणि कापसाच्या तीन गाड्या माझ्यासाठी थांबल्या. हरकत अंशतः मान्य. पोळ्या होतील. चि. बेबीनंदाच्या हातचा घास मी खाईन. अट एकच, तोपर्यंत रात्रीचा आकडा एकशे ऐंशीच्या आत यावा. डोळ्यांदेखत साखर चढलेली असताना आणखी पुरण घालणे हा शहाणपणा नव्हे, आणि डॉक्टरांपुढे मला खोटे बोलता येत नाही.

आता अडचण सांगतो, आणि ती मती गुंग करणारी आहे. दिवाळीपूर्वी माझा रात्रीचा आकडा एकशे चाळीस-पन्नासच्या घरात असे. भाऊबीजेनंतर तो अडीचशेच्या आसपास नाचत आहे. मी आधी वरण सोडले. आकडा हलला नाही. मग शेंगदाणे सोडले, मग कांदा, शेवटी गाजर. परवा रात्री मी केवळ मेथी आणि दही खाल्ले आणि यंत्राने दोनशे अडुसष्ट दाखवले! न खाल्लेल्या अन्नाची साखर येते कोठून? सकाळी उपाशीपोटीसुद्धा आकडा थोडा चढाच असतो, पण अडीचशे मात्र फक्त रात्रीचे. डॉक्टर पुढच्या भेटीत गोळी वाढवणार आहेत.

मला सौ. उषाचा संशय आला. मेथीत ती चिमूटभर गूळ टाकत असावी, असे मी सौम्य शब्दांत सुचवले. तिने कढई माझ्यापुढे आपटली आणि मोजायचेच असेल तर आधी माझे मोजा म्हणाली. मी तयार होतो. तिने भाकरी, वरण, भात आणि वर मी सोललेली दोन मोसंबी खाल्ली होती. सुई टोचण्याआधी ती उठून मोरीवर गेली, हात धुऊन पदराला पुसत सावकाश परत आली. हा वेळकाढूपणा मी मुद्दाम नमूद करतो. तरीही तिचा आकडा आला एकशे बारा. लागलीच माझा घेतला, तो दोनशे एकावन्न. खाणारीला एकशे बारा आणि सोलणाऱ्याला दोनशे एकावन्न! वाणिज्य शाखेत असा ताळेबंद मी कधी पाहिला नाही.

ती आता माझ्याशी बोलत नाही. मोसंबी मात्र खाते.

केळवणाची काळजी लागून राहिलेला,
तुझा बद्रीनाथ


वाटूर,
१६ नोव्हेंबर

चि. बद्रीनाथास,
आक्काचे हसून हसून थकलेले आशीर्वाद.

अरे येड्या, हात धू!

बेबीनंदा पत्र वाचून दाखवत होती. उषा मोरीवर गेली इथपर्यंत आली अन् मी ओरडले, थांब, पुन्यांदा वाच. तिनं पुन्यांदा वाचलं अन् दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. बागेत मोसंबी तोडून आलं की माझी बोटं अशी चिकट होतात की माश्या पिच्छा सोडत न्हाईत, पातळाला हात लावला तरी डाग पडतो. तू रोज दोन दोन मोसंबी सोलतो, अन् त्याच बोटाला सुई टोचून त्याच बोटाचं रगत पट्टीला लावतो. मंग यंत्रानं काय मोजावं, तुझं रगत का माझी बाग? यंत्र बराबर हाय रे, ते माझ्या मोसंब्यांची गोडी सांगून राह्यलंय. दोनशे अडुसष्ट म्हंजे झाड फारच चांगलं लागलंय यंदा!

भाऊबीजेला पोतं मी दिलं, म्हणून थोडा गुन्हा माझा. पण हात धुवायचं तर तुला अण्णांनी शिकवल्तं. उषानं धुतले म्हणून तिचा आकडा खरा, अन् तू त्याला वेळकाढूपणा म्हणतो. बिचारीवर गुळाचा आळ घेतला! जल्दी जाऊन माफी माग. अन् वरण, कांदा, गाजर परत सुरू करायचं का, ते डॉक्टरला विचार. उगाच वाळून लग्नात उभा राहशील तर अंतरपाटामागं दिसायचा न्हाईस.

हात धुऊन मोजलेला आकडा कळव. पोरगी वाट बघून राह्यली.

तुझी थोरली, अन् या खेपेला जरा जास्तच थोरली,
आक्का


परतूर,
दि. २० नोव्हेंबर २००३

ती. आक्कास,
बद्रीनाथचा साबणाने धुतलेल्या दोन्ही हातांनी नमस्कार.

तुझे पत्र मिळाले त्याच रात्री पडताळा घेतला. नेहमीप्रमाणे जेवलो, मोसंबी सोलली, दोन तासांनी चिकट बोट टोचले: दोनशे सेहेचाळीस. उठलो, हात साबणाने धुतले, कोरडे पुसले, दुसऱ्या हाताचे बोट टोचले: एकशे चौतीस. एकच माणूस, एकच रात्र, एकच मेथी. मी यंत्र टेबलावर ठेवले आणि मोठ्याने हसलो, सौ. उषा स्वयंपाकघरातून धावत आली. आठवडाभराच्या अबोल्यानंतर ती पहिल्यांदा बोलली ती ही, की माझे डोके फिरले का.

माफी मी लेखी मागितली. तिने ती घेतली नाही. तोंडी, आणि तीही शेजारच्या इचरजबाईंसमोर मागावी, असे तिने फर्मावले. मागितली. इचरजबाईंनी साऱ्या गल्लीत सांगितले. आता गल्लीतली पोरे मला दुरून हात धुतल्याचा अभिनय करून दाखवतात.

काल डॉक्टरांकडे गेलो. ते आधी हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, खोट्या आकड्यावर खरी गोळी वाढवली असती तर साखर नको तितकी उतरून चक्कर आली असती. गोळी आहे तीच राहिली. वरण, कांदा, शेंगदाणे मोजून परत सुरू. सकाळी उपाशीपोटी आकडा का चढतो, तेही समजले: रात्री आपण खात नाही, पण पहाटेच्या सुमारास यकृत स्वतःची साठवण रक्तात सोडते. म्हणजे उपाशी माणसाचीही साखर असते, आणि एका आकड्यावरून माणसाला चोर ठरवू नये, हा धडा सौ. उषाने मला डॉक्टरांआधीच दिला होता.

घासाबद्दल विचारले. पुरणपोळीचा घास चालेल, अर्धीदेखील चालेल, भात-भाकरीचे पथ्य त्या दिवशीही पाळा आणि नंतर चाला, असे उत्तर मिळाले. बेबीनंदाला सांग, मामा पाटावर बसणार. कोशिंबीर मात्र बेतात कायम आहे.

तुझ्या बागेच्या गोडीची यंत्राकडून पावती मिळवून देणारा,
बद्रीनाथ


परतूर,
दि. २ डिसेंबर २००३

ती. आक्कास,
बद्रीनाथचा मनःपूर्वक नमस्कार.

लग्नघराच्या कामामुळे तुला येता आले नाही आणि केळवणाचा वृत्तान्त आकड्यासह लेखी हवा, असा तुझा निरोप बेबीनंदाने दिला. तोच सादर करतो.

ती हिरव्या लुगड्यात पाटावर बसली. सौ. उषाने तव्यावरची पहिली पोळी वाढली, वर तूप सोडले. बेबीनंदाने घास मोडला आणि माझ्याकडे वळली. तिच्या वडिलांना मोठे घास लागत, हे तिला कोणी सांगितले होते कोण जाणे. घास तसाच मोठा होता. मी तोंड उघडले. गूळ, वेलदोडा, तूप, श्रावणापासून विसरलेले सारे एकदम आठवले. तिने विचारले, मामा, गोड आहे का. मी मान हलवली. मग ती हसली, मग रडली, मग माझ्या कोशिंबिरीला नावे ठेवत हसली, आणि या सगळ्यात माझे दोन्ही हात तिने आपल्या हातांत धरून ठेवले होते. तिच्या बोटांना पुरण होते. तूपही होते.

ठरल्याप्रमाणे मी चाललो: घरापासून स्टेशनपर्यंत आणि परत. दोन तास झाले तेव्हा यंत्र काढले, पट्टी लावली, सुई उचलली. साबण मोरीवर तयार होता.

आक्का, आकडा कळवू शकत नाही. चिकट हाताने घेतलेला आकडा ग्राह्य नसतो, आणि त्या रात्री मला हात धुवावेसे वाटले नाहीत.

लग्नात अंतरपाटामागे मी दिसेन. लोभ आहे, तो असाच हाताला चिकटून राहो.

तुझा धाकटा भाऊ,
बद्रीनाथ रखमाजी तनपुरे
परतूर, दि. २ डिसेंबर २००३