नर दिवसा बसतो

सोलो, रविवार

प्रिय सुमिरा,

माझं अक्षर पाहून तू आधी चष्मा शोधशील आणि मग काहीतरी वाईट घडलं असणार म्हणून घाबरत पाकीट फोडशील. म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, मी बरा आहे. गुडघा आहे तसाच आहे आणि छप्पर यंदा गळलं नाही. आपलं फोनवरचं बोलणं तुला ठाऊकच आहे. वुलान फोन धरते, तू मागून, लग्नापासूनची तीच हाक मारत, विचारतेस, "जेवलात का, मास?" मी म्हणतो, "जेवलो." मग दोघांनाही पुढचं काही सुचत नाही. आपल्या लेकीच्या, वुलानच्याच, बाळंतपणासाठी म्हणून चाळीस दिवसांकरता तू सेमारांगला गेलीस, त्याला आता तीन वर्षं होतील. ते बाळ जिना चढायला लागलंय म्हणे. ही तक्रार नव्हे, सुमिरा. मला जे सांगायचंय ते फोनवर सांगता येण्यासारखं नाही एवढंच. बायकोला पत्र लिहायची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ, तेव्हा ओळी वाकड्या गेल्या तर हसू नकोस.

आपल्या घरात एक कॉकाटील पोपटांची जोडी आलीय. राखाडी अंग, डोक्यावर तुरा आणि गालांवर नारिंगी ठिपके, ओल्या हळदीचं बोट चुकून लागावं तसे. नराचं तोंड पिवळंधमक, मादीचं जरा मळकट. त्यांच्या मनात काय चाललंय ते सगळं त्या तुऱ्यावर दिसतं. भ्यायले की तो ताठ उभा, रागावले की डोक्याला चपट, खुशीत असले की अर्धा कलता. मनातलं असं डोक्यावर घेऊन फिरणारा जीव मी पहिल्यांदाच पाहिला.

त्यांना रात्री नावाच्या मुलीने आणलं. दवाखान्यात नर्स आहे, गल्लीच्या टोकाला खोली घेऊन राहायची. दारात उभी राहून अदबीने म्हणाली, "पाक दारसो, सोलोत सगळ्यात सुंदर पिंजरा तुमच्याकडे मिळतो म्हणे." हे ऐकल्यावर मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. माळ्यावरचा तो गोल पिंजरा काढला, वर घुमट आणि तळाला कोरलेला नाग असलेला. दोन महिने खपलो होतो त्याच्यावर. बांबूची एकेक काडी केसासारखी तासलेली. पाचव्या दिवशी पोरगी परत आली. पिंजरा कापडात गुंडाळलेला.

"पाक, रागावू नका हं. त्यांनी पिंजरा खाल्ला."

खरंच खाल्ला होता गं. निम्म्या काड्या कुरतडलेल्या, नागाला डोकं नाही. चाळीस-बेचाळीस वर्षं मी पिंजरे करतोय, लोकांनी पाहिले, वाखाणले, बक्षिसं दिली. पण माझं काम कुणी चावून पाहावं असं कधी झालं नव्हतं! मी हसतच सुटलो. ती रडायच्या बेतात होती, तीही हसली. मग खरी गोष्ट बाहेर आली. तिची बदली कालिमांतानला झाली होती आणि विमानात पक्षी नेता येत नव्हते. "थोडे दिवस ठेवा, पाक. तिकडे जागा मिळाली की नेते." महिन्याभराने तिचा फोन आला, ते पक्षी आता तुमचेच समजा.

तेव्हा त्यांना कायमचं घर देणं भाग होतं, आणि मी, सगळ्या गल्लीचा पिंजऱ्यांचा गुरू, त्यात पुरता अडाणी निघालो. आधी बाजारातून एक लोखंडी पिंजरा आणला. त्याचा रंग पोपडे धरून निघायला लागला आणि नर ते पोपडे चघळायला लागला, तेव्हा तो परत केला. दुसऱ्याच्या गजांत इतकं अंतर होतं की मादीने डोकं बाहेर काढलं आणि ते आत घेता येईना. तेल लावून सोडवली. तिसऱ्या, गोल पिंजऱ्यात ती दोघं नुसती गोल गोल फिरत राहायची, पाठ टेकायला कोपराच नाही, आणि शेपट्या घासून झिजत होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण गाण्याच्या स्पर्धेतल्या होल्यांना जे देतो ते आसन असतं. एक पक्षी, एक दांडी, आणि तो उंच खांबावर टांगायचा म्हणजे खालच्या लोकांनी मान वर करून ऐकावं. या जोडीला मात्र घर हवं होतं.

मग मी स्वतःच बसलो. उंचीपेक्षा लांबी जास्त ठेवली, माझे दोन्ही हात पसरून जेवढी होते तेवढी, कारण हे वर-खाली उडत नाहीत, आडवे उडतात. तार स्टीलची, रंग अजिबात नाही. दोन तारांमध्ये माझी करंगळी जेमतेम जाईल एवढीच फट. दोन बाजूंना तारा आडव्या घेतल्या, कारण हे चोच आणि पाय लावून माकडासारखे चढतात. बसायला मागच्या पेरूच्या फांद्या, कुठे जाड कुठे बारीक. सारखी एकाच जाडीची दांडी असली तर यांच्या तळव्यांना फोड येतात असं रात्रीने सांगितलं होतं. पाण्याची वाटी आधी मी फांदीच्या बरोबर खाली लावली होती; दोन दिवस घाण पाणी बदलल्यावर अक्कल आली. जागेचाही तसाच गोंधळ. स्वयंपाकघरात तळणाचा धूर, ओसरीवर ऊन आणि शेजारची मांजर. शेवटी बाहेरच्या खोलीत भिंतीला पाठ लावून, माझ्या डोळ्यांच्या उंचीला ठेवला. तुझं शिवणयंत्र होतं ना, ती भिंत. यंत्र नीट झाकून खिडकीपाशी ठेवलंय, काळजी नको.

एका संध्याकाळी अचानक वीज गेली आणि त्या पिंजऱ्यात असा काही थयथयाट झाला की घरात कुणी शिरलं असं वाटलं. बॅटरी सापडेपर्यंत भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. मादीचा पंख फाटला होता. मी त्या नर्स पोरीला फोन लावला, ती तिकडून ओरडत होती, "मक्याचं पीठ दाबून धरा, पाक! आणि सोडू नका!" मी धरून बसलो. केवढासा तो जीव, माझ्या मुठीत त्याचं काळीज शिवणयंत्राच्या सुईसारखं धावत होतं. नर वरच्या फांदीवरून माझ्याकडे बघत होता. मादी शांत होईपर्यंत तो जागचा हलला नाही. मिट्ट काळोखात यांना काही दिसत नाही आणि ते भितात, म्हणून तेव्हापासून तिथे बॅटरीवरचा एक लहान दिवा कायम असतो.

पंख भरला आणि मादी कोपऱ्यातले कागद कुरतडायला लागली. मी लाकडाची पेटी करून बाजूला लावली, आत रंध्याची सालपटं पसरली, आणि मला डोकावता यावं म्हणून एक झडप ठेवली. एक दिवसाआड करत पाच अंडी झाली. आता इथून पुढे जे पाहिलं त्याने मी अजून सावरलेलो नाही.

मी समजत होतो की मादी बसेल आणि नर फांदीवर गात राहील. जन्मभर नरच पाळले मी, आणि गाण्याशिवाय त्यांच्याकडून कधी काही मागितलं नाही. पहिल्या सकाळी मादी पेटीतून बाहेर आली, आळस दिला, दाण्याकडे गेली. नर आत शिरला. वाटलं, डोकावून येईल बाहेर. दहा वाजले, बारा वाजले. झडप किंचित उघडली तर तो अंग फुगवून अंड्यांवर बसलेला, आणि माझ्याकडे बघून सापासारखा फुसफुसला! संध्याकाळी मादी आत गेली तेव्हा कुठे तो बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवसा नर, रात्री मादी, एकदाही चुकामूक नाही. कुणी शिकवलं त्याला? मी स्टूल घेऊन पिंजऱ्यासमोर बसून राहायचो. मशिदीत इतका स्थिर मी कधी बसलो नसेन.

स्पर्धांतला माझा जुना सोबती सारमिदी चेष्टा करायला रोज यायचा. "दारसो, तुझा नर बायकोच्या मुठीत आहे!"

"असेल."

"बरं, गातो तरी का?"

"गायचा. सध्या त्याला वेळ नाही."

तीन आठवडे होत आले तेव्हाच क्लातेनला होल्यांची मोठी स्पर्धा होती. मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. सारमिदी गाडी घेऊन दारात. मी म्हणालो, जमणार नाही, घरी बाळंतपण आहे. "कुणाचं?" म्हणाला. मी पेटीकडे बोट दाखवलं. तो दारातच मटकन बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग माझा चेहरा पाहून उठला आणि एकटाच गेला.

त्याच दुपारी, सुमिरा. नर आत होता. पेटीतून काडी मोडावी तसा बारीक आवाज आला, मग अगदी हलकी चिवचिव. मी झडप उघडली. या वेळी तो फुसफुसला नाही. जरासा बाजूला सरकला, आणि त्याच्या पोटाखाली अंगठ्याच्या पेराएवढं, ओलं, पिवळ्या लवेचं काहीतरी हललं. डोळे मिटलेले, मानेला बळ नाही. नराने मान खाली घातली आणि चोचीने त्याला इतकं हळू पोटाशी ओढलं की माझ्या हातांना लाज वाटली. मी केसासारख्या काड्या तासतो म्हणून मिरवतो! किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. नंतर आणखी दोन फुटली, दोन अंडी वाया गेली. तिघंही चांगली आहेत. दोघं मिळून भरवतात.

आता जे लिहितोय ते वुलानला वाचून दाखवू नकोस.

माडिऊनच्या स्पर्धेला गेलो होतो तेव्हा मला तार उशिरा मिळाली असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. आपला वालुयो महिनाभर आधी जन्मला हे खरं, मला ते अपेक्षित नव्हतं हेही खरं. पण तार मला दुसऱ्याच दिवशी मिळाली. 'मुलगा झाला, या.' ती मी मित्रांना दाखवली, सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. माझा होला अंतिम फेरीत होता. दोन दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून मी तार शर्टाच्या खिशात ठेवली आणि थांबलो. होला जिंकला. मी ढाल घेऊन घरी आलो तेव्हा त्याला पुरून एक दिवस झाला होता. त्याचं नावसुद्धा तुझ्या वडिलांनी ठेवलं. तो शर्ट तूच धुतलास, सुमिरा. तार त्यात होती, तारीख तिच्यावर होती. ती नंतर मला कधी सापडली नाही. तू एका शब्दाने काही विचारलं नाहीस, आणि तू विचारलं नाहीस याच्या आडोशाला मी एक्केचाळीस वर्षं काढली. रमजानच्या आधी तू फुलं घेऊन जायचीस तेव्हा मी कबरस्तानाच्या फाटकाशी उभा राहायचो. मला वाटतं, तुला त्याचं कारण माहीत होतं. मी माफी मागतो. उशीर झालाय हे मला कळतं, तरी मागतो.

तू परत ये असं सांगायला हे पत्र लिहिलेलं नाही. तिकडे तुला बरं वाटत असेल तर तिथेच राहा. मला तुला एकच विचारायचंय. इतकी वर्षं ते विचारायचा मला अधिकार वाटला नाही, आणि आजही तो आहे असं मी म्हणत नाही. त्या दिवशी पेटीसमोर उभा असताना मला समजलं की मी एका परक्या पक्ष्याचं पिल्लू जन्मताना पाहिलं, पण आपला मुलगा मी पाहिलेलाच नाही. तू त्याला चार दिवस कुशीत घेतलंस. त्याचे डोळे उघडे असायचे का? केस होते का डोक्यावर? हात कसे होते? तो दिसायला कसा होता, सुमिरा? मला सांग.

तुझाच,
दारसोनो