नाशिक–हैदराबाद, दीड तास

१२ नोव्हेंबर
मेथी निवडताना आईंनी (सासूबाई) परत विचारलं, "हैदराबाद किती लांब हाय गं?"
फोनवर पाहिलं. रस्त्याने सातशे किमीच्या वर. ओझरहून विमानाने साधारण दीड तास.
"एवढंच? चांदवडहून तुमच्याकडं यायला एसटीला तेवढं लागतं."
मग पुढची जुडी ओढली. मीही.
जूनमध्ये अंबडहून, कंपनी सुटल्यावर घरी येताना महेशची गाडी घसरली. डोक्याला मार. मेंदू गेला, छाती मशीनवर हलत होती. अवयव द्यायला आम्ही दोघींनी, आईने आणि बायकोने, हो म्हटलं. हृदय हैदराबादला गेलं. शहर सांगितलं, माणूस नाही.

१५ नोव्हें.
दुपारचं विमान घरावरून जातं. आधी कधी लक्षच नव्हतं. आता भांडी घासता घासता हात थांबतो. आई गच्चीवर, उन्हात, अनवाणी.
खाली येऊन म्हणाल्या, "इमानात होतं तवा ते चालू होतं का?"
विचारून सांगते म्हटलं.

१६ नोव्हें.
हॉस्पिटलच्या समन्वयक बाईंना फोन. भल्या आहेत, कंटाळत नाहीत. म्हणाल्या, "नाही हो ताई, थांबवलेलं असतं. बर्फाच्या पेटीत. तिकडे जोडलं की सुरू होतं."
म्हणजे तो दीड तास. इथे महेश संपला होता, तिकडे कोणाचं सुरू झालं नव्हतं. वर ढगात कोणाचं होतं ते?
आईंना सांगितलं, "हो. चालू होतं."
"बरं" म्हणाल्या.

२१ नोव्हें.
उशीला कान लागला की ठोके. माझेच असतात, कळतं. तरी कूस बदलते.
सकाळी आई चहा तसाच ठेवून: "सपनात आलता म्हेश. कुडकुडत होता. म्हणं, आई, उतरलं नाय का गं अजून?"
बर्फाचं मी त्यांना बोलले नव्हते. कोणीच नाही.

२३ नोव्हें.
तिकिटं काढली. दोघींची. माहेरून दादाचा फोन, "कोणाकडे चाललात तिकडे?"
काय सांगणार. नाव मिळणार नाही हे बाईंनी आधीच सांगितलंय. भेटायला नाहीच चाललो. फक्त तेवढं अंतर एकदा…

२ डिसें. हैदराबाद, लॉज
विमान सुटल्यावर आईंनी माझा हात स्वतःच्या छातीशी धरला. सोडलाच नाही. खिडकीत नुसतं पांढरं. मध्येच, माझ्याकडे न बघता, "खोटं बोललीस ना गं."
"हो."
"बरं केलंस."
चाकं टेकली तेव्हा मोठ्याने म्हणाल्या, "उतरलं रे बाळा. उतर आता." शेजारचा माणूस बघत राहिला.
आज आई जेवल्या. दोन भाकऱ्यांची भूक आहे म्हणाल्या, भाकरी कुठे मिळणार इथे. भात खाल्ला.

३ डिसें.
दुपारी परतीचं विमान. आई लॉजसमोरच्या बाकावर बसल्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत. बाया, पोरं, म्हातारे, सगळ्यांकडे.
"आई, चला. रिक्षा आलीय."
"तू जा. मी ऱ्हाते थोडे दिवस."
"अहो, नाव नाही, पत्ता नाही."
"नाव कशाला? ह्यातलंच कोणीतरी हाय ना."
पिशवी माझ्या हातात देईनात. शेजारी बसून हे लिहितेय. रिक्षावाला हॉर्न देतोय. समोरच्या जिन्यावर एक जण दम खात थांबलाय, छातीवर हात ठेवून.
त्याच्याकडे बघत आई उठल्या.