फ्रेममधला पगार

धायरी, पुणे
बुधवार, ११ जून २०२५

चि. सृष्टीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. आईच्या गुडघ्यांना तेल लावतेस ना? बाबांच्या शिलाईच्या दुकानात शाळेच्या गणवेशांची गर्दी सुरू झाली असेल आणि काजं-बटणं तुझ्या गळ्यात पडली असतील. इथे खोलीत आम्ही तिघी, पाणी एकच तास. भांडायला विषय कमी पडत नाही.

फोन सोडून पत्र कसलं, असं वाटेल तुला. आपल्याकडे फोन स्पीकरवर असतो, आणि बाबा गिऱ्हाइकासमोर ‘आमच्या नम्रताचा पगार’ म्हणून सुरू झाले की मी विषय बदलते. पोपटमामा आज ट्रॅव्हल्सची गाडी घेऊन रिसोडला निघालेत, त्यांच्या हाती हे देते. आधी तू एकटी वाच.

रविवारी तुझा मेसेज आला. ताईसारखाच डायलिसिसचा सर्टिफिकेट कोर्स करायचा, तोही ताईच्याच इन्स्टिट्यूटमध्ये. फी एक लाख साठ हजार. येत्या सोमवारी पंचवीस हजार भरायचे, उरलेले पतसंस्थेचे, जामीन बाबा. सगळं ठरवून झाल्यावर ‘ताई, तुला काय वाटतं?’ असं विचारलंस. आपल्या घरची रीतच ती, आधी हळद लावायची आणि मग मुलगा बघायचा.

काम वाईट नाही गं. मशीन लावायचं, सुया टोचायच्या, चार तास पेशंटच्या रक्तदाबावर डोळा ठेवायचा. येताना वजन, जाताना वजन. पाय सुजून आलेला माणूस जाताना चप्पल नीट घालतो, तेव्हा मला अजूनही बरं वाटतं. मी थकते, पण ती कामाने नाही.

आता हिशेब. माझी फी होती एक लाख चाळीस. वीस बाबांनी दिले, एक लाख वीस पतसंस्थेने. हप्ता तीन हजार तीनशे. खोलीचे साडेतीन, डब्याचे तीन, बस आणि फोन मिळून दीड, घरी पाठवते ते दोन. बेरीज तू कर, तुझं गणित चांगलं आहे.

तेरा हजार तीनशे आले ना? मला हातात तेरा हजार आठशे मिळतात. बाबा सांगतात ते पस्तीस नाही. पस्तीस कधीच नव्हते. उरलेल्या पाचशेत आजारीसुद्धा पडता येत नाही. बाकीचे पैसे मी आरडीत टाकते असं बाबांना सांगत आले. आरडी नाही.

असं का, तर माझ्याच शिफ्टला शेफाली आहे. काम तेच, मशीन तेच. तिला चोवीस हजार. तिने बारावीनंतर एक वर्ष थांबून सरकारी कॉलेजात दोन वर्षांचा डिप्लोमा केला. फी इतकी कमी की सांगताना तिलाच लाज वाटते. तिची टेक्निशियन म्हणून सरकारी नोंदणी झाली आहे. माझ्या सर्टिफिकेटवर ती होत नाही. म्हणून माझ्या पगारपत्रकावर ‘असिस्टंट’. प्रवेश घेताना बाबांनी आणि मी नोकरी मिळेल का, हॉस्टेल आहे का, एसी लॅब आहे का, सगळं विचारलं. नोंदणी होते का, एवढंच विचारलं नाही. पांढरा कोट बघून आम्ही दोघंही भुललो.

माझ्या पेशंटांत हुसेनचाचा आहेत. मंडईत चाळीस वर्षं केळ्यांचा धंदा, आता आठवड्यातून तीनदा आमच्याकडे. सोमवारी त्यांनी खिशातून एक पत्रक काढलं. नातीला, नाजिमाला, हाच कोर्स करायचा आहे. पत्रकावर माझा फोटो, खाली ‘नम्रता, मासिक वेतन ३५,०००’. त्यांनी विचारलं, “खरंच मिळतात का?” मी सुईकडे बघत राहिले. त्यांनी पत्रक घडी करून परत ठेवलं आणि म्हणाले, “बेटी, माल घेताना काटा बघायचा असतो, पाटी नाही. पण इथे पाटीवर तूच उभी आहेस.”

तेच पत्रक तू रविवारी मला पाठवलं होतंस. ‘ताई, तू!!’ आणि खाली सहा बदाम. मी उत्तर दिलं नाही, ड्यूटीवर होते असं नंतर सांगितलं. मी ड्यूटीवर नव्हते.

तो फोटो मी विकला, सृष्टी. पहिल्या वर्षी पगार नऊ हजार होता, सहा हप्ते थकले. जामिनाला नोटीस जाणार होती, म्हणजे बाबांना, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. इन्स्टिट्यूटच्या सरांनी बोलावलं. फोटो आणि एक सही द्या, फीतले वीस हजार परत देतो म्हणाले. कोट तिथलाच होता, मापाला मोठा, मागून चिमटे लावले होते. आकडा त्यांनी लिहिला, सही मी केली. वाटलं, कुणीतरी अनोळखी मुली बघतील. तू बघशील हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

काल मी सरांना फोन करून फोटो काढायला सांगितलं. ते म्हणाले, मग वीस हजार परत करा. महिना दोन हजारांनी देईन म्हटलं. म्हणजे मार्चपर्यंत घरी पैसे येणार नाहीत. हे बाबांना सांगायला माझी हिंमत होत नाही, पण सांगायचं आहे. आज चाचांनाही खरं सांगितलं. जाताना ते टेबलावर दोन केळी ठेवून गेले.

तू शीक, माझं काही म्हणणं नाही. पण सोमवारी पैसे भरू नकोस. सरकारी डिप्लोमाचा अर्ज कधी, कसा भरायचा ते शेफाली फोनवर समजावेल. नंबर मागे लिहिला आहे. यादीत नाव नाही लागलं तर एक वर्ष काजं-बटणं कर. वर्ष गेलं तर वर्षच जातं. माझं काय काय गेलं ते वर लिहिलंच आहे.

सोबत मे महिन्याचं पगारपत्रक आहे. आई म्हणाली, बाबांनी ते माझ्या फोटोचं पत्रक फ्रेम करून शिलाई मशीनच्या वर लावलंय. पत्र त्यांना वाचून दाखव, मोठ्याने, दुकान बंद झाल्यावर. मग फ्रेम उतरव, माझा फोटो काढ आणि हा पगाराचा कागद त्यात लाव. बाबांना आवडणार नाही. तरी लाव. निदान त्यावरचा आकडा माझा आहे.

तुझी,
महिना तेरा हजार आठशेची,
ताई